सात वारांचे सात खेळ

(एक ते तीन वर्षांच्या बाळांच्या घरांसाठी)

पेरणी असो की सुगी, शेतकऱ्याच्या घरात दिवस उजाडल्यापासून कोणाचेच हात रिकामे नसतात. धारा काढायच्या, वैरण टाकायची, भाकऱ्या थापायच्या, डबा घेऊन वावर गाठायचे. या धावपळीत घरातले एकच माणूस बिनकामाचे असते, ते म्हणजे दीड-दोन वर्षांचे बाळ. त्याला काम नाही आणि त्याला स्वस्थही बसवत नाही. आई पीठ मळायला बसली की ते परातीत हात घालते. पाणी भरायला लागली की तांब्या ओढते. शेवटी आई कंटाळते, त्याच्या हातात मोबाईल देते आणि कामाला लागते. बाळ गप्प बसते. आईलाही हायसे वाटते.

भगिनींनो, बाळ परातीत हात घालते ते खोडी म्हणून नव्हे. तो त्याचा अभ्यास चाललेला असतो. पीठ मऊ असते, पाणी घातले की चिकट होते, मळले की त्याचा गोळा होतो, हे त्याला कोणी सांगून कळणार नाही. ते त्याच्या बोटांनाच कळावे लागते. या वयात मूल डोळ्यांनी, कानांनी, नाकाने, जिभेने आणि कातडीने शिकते. जी वस्तू हाताला लागली, तिचे नाव कानावर पडले की ते चांगले ठसते. मोबाईलच्या पडद्यावर पाणी दिसते, पण ते ओले नसते. आंबा दिसतो, पण त्याला वास नसतो. आणि मुख्य म्हणजे बाळ बोबडे काही बोलले, तर आई जसे हसून उत्तर देते तसे पडदा देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांविषयी जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये असे म्हटले आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी फार तर एक तास, आणि तोही जितका कमी तितका बरा. उलट या वयाच्या मुलाने दिवसभरात मिळून निदान तीन तास हातपाय हलवले पाहिजेत, असेही तेथेच सांगितले आहे. मग मोबाईल काढून घेतला तर हातात द्यायचे काय, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर तुमच्या घरात, अंगणात आणि शेतातच आहे.

खेळणी विकत कशाला?

तुम्ही म्हणाल, शहरातल्या मुलांना रंगीत ठोकळे मिळतात, मोठमोठ्या बालवाड्या मिळतात, आमच्या पोरांना ते कुठून आणायचे? या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रातच फार पूर्वी उत्तर मिळाले आहे. मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या बाईंनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढले. मुलांच्या इंद्रियांना वळण लावायचे म्हणून त्यांनी निरनिराळी साधने तयार केली. ती साधने उत्तम होती, पण आपल्या खेड्यांना परवडणारी नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू भागातल्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. या दोघींनी महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, पाने, काड्या अशा भोवतालच्या वस्तू घेतल्या. मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर घरोघरी पोचला.

अंगणवाडीत मूल बसू लागते ते साधारण तिसऱ्या वर्षानंतर. त्याआधीची शाळा घरीच भरायला हवी. ती भरवायला पैसा लागत नाही. लागतात फक्त पंधरा मिनिटे आणि जवळ बसून बोलणारे एक मोठे माणूस. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनाही हे खेळ कोपीच्या दारात करता येतील.

एका वारी एकच विषय

खेळ मांडताना एक पथ्य पाळा. एका दिवशी एकच विषय घ्या. सोमवार पाण्याचा ठरवला, की त्या दिवशी खेळ पाण्याचा, आणि बोलणेही येता-जाता पाण्याचेच. आंघोळीचे पाणी कोमट, माठातले गार, गाय पाणी पिते, पागोळ्या गळतात. एकच गोष्ट दिवसभरात चार ठिकाणी भेटली की बाळाच्या मनात ती पक्की होते. पुढच्या सोमवारी पुन्हा पाणीच आले, तरी त्याला कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो आपल्याला. लहान मूल तेच ते पुन्हा पुन्हा करूनच शिकत असते.

सोमवार : पाणी. अंगणात परात ठेवा. तीत दोन तांबे पाणी ओता. दोन वाट्या, एक पळी आणि एक चाळण द्या. बाळ या वाटीतले पाणी त्या वाटीत ओतेल, निम्मे सांडेल. सांडू द्या. ओतताना मनगट वळते, आणि याच मनगटाने त्याला पुढे घास घ्यायचा आहे, पाटीवर रेघ ओढायची आहे. चाळणीत पाणी राहत नाही, याचे त्याला मोठे नवल वाटते. मग त्यात आंब्याचे पान टाका, ते तरंगते. मुठीएवढा धोंडा टाका, तो तळाला जातो. तुम्ही बोलत राहा : भरली, सांडले, रिकामी झाली, बुडाला. खेळ संपला की पाणी लगेच झाडाच्या बुंध्याशी ओतून टाका.

मंगळवार : माती. घराजवळची स्वच्छ माती चाळून घ्या. गोठ्याच्या कडेची, उकिरड्याजवळची किंवा औषध फवारलेल्या रानातली माती नको. थोडी कोरडी ठेवा, थोडी भिजवा. कोरडी माती बोटांतून सुटते, ओली हाताला चिकटते. हे दोन अनुभव शेजारी शेजारी मिळाले पाहिजेत. आषाढात बेंदूर किंवा श्रावण अमावास्येला पोळा येतो, तेव्हा घरात मातीचे बैल होतातच. त्या वेळी बाळालाही एक गोळा द्या. त्याच्या हातून बैल होणार नाही. तो गोळा चेपील, त्यात बोट खुपशील आणि ‘बै’ म्हणेल. तेवढ्याने त्याचा बैल झाला असे समजा. तुम्ही त्याचा गोळा घेऊन नीट करू लागलात, की खेळ तुमचा होतो, त्याचा राहत नाही. पाऊस लागून राहिला तर मातीऐवजी कणकेचा गोळा चालतो. आणि मुलगी असली तरी तिला मातीत हात घालू द्या. कपडे धुता येतात.

बुधवार : धान्याच्या पुरचुंड्या. सुटे धान्य तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नये. ते नाकात जाते, कानात जाते, श्वासनलिकेतही जाते. म्हणून जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे घट्ट विणीचे कापड घ्या आणि मुठीएवढ्या पिशव्या दुहेरी टाक्यांनी शिवा. एकीत बाजरी, दुसरीत हरभरा, तिसरीत पीठ, चौथीत नुसता कापूस. बाळाच्या हातात एकेक द्या. बाजरी बोटांखालून सरकते, हरभरा टोचतो, पीठ दबते, कापसाला वजनच नसते. अडीच वर्षांच्या पुढे प्रत्येकीची जोडी शिवा आणि ‘याच्यासारखी दुसरी कोणती?’ असे विचारा. सगळ्या पिशव्या एकाच कापडाच्या असल्या, की त्याला डोळ्यांवर विसंबता येत नाही, बोटांनी शोधावे लागते. हीच इंद्रियांची तालीम. धान्य मात्र खाण्याचेच घ्या, पेरणीसाठी औषध लावून ठेवलेले बियाणे कधीही नको. प्रत्येक खेळाआधी टाके तपासा.

गुरुवार : पाने. बाळाला कडेवर घेऊन परसात फेरी मारा. केळीचे पान केवढे मोठे, कढीपत्त्याचे केवढे लहान. पिंपळाचे गुळगुळीत, भोपळ्याचे खरखरीत. पाने टोपलीत आणा आणि ओटीवर पसरा. कोथिंबीर, तुळस, गवती चहा, लिंबाचे पान तळहातावर चुरगाळून बाळाच्या नाकाशी धरा. कोणता वास त्याला आवडला, ते त्याचा चेहराच सांगेल. वाळलेली पाने चुरडायला द्या, त्यांचा कुरकुर आवाज मुलांना फार आवडतो. रुई, कण्हेर, धोत्रा या झाडांची पाने मात्र आणू नका.

शुक्रवार : आवाज. तांब्यावर चमचा वाजवा, मग लाकडी पाटावर, मग मडक्यावर. तिन्ही आवाज वेगळे. थोड्या दिवसांनी बाळाला पाठमोरे बसवा आणि ‘काय वाजले?’ म्हणून विचारा. दोन वर्षांचे मूल वळून बोटाने दाखवील, अडीच-तीन वर्षांचे नाव सांगेल. मग घराबाहेरचे आवाज ऐकवा. बैलाच्या गळ्यातले घुंगरू, चरवीत पडणारी धार, सुपातले पाखडणे, पत्र्यावरचा पाऊस. चिऊ कशी ओरडते, म्हैस कशी हंबरते, हे तुम्ही काढून दाखवा. लाजू नका. आवाज नीट ओळखणारे मूल शब्दही नीट ऐकते, आणि नीट ऐकले की बोलणे स्पष्ट होते.

शनिवार : पावले. आपण हातांचा विचार करतो, पायांचा करत नाही. अंगणात ओळीने गोणपाट, घडी घातलेली गोधडी, घोंगडी, थोडे हिरवे गवत आणि थोडी मऊ माती अशी वाट करा. बाळाला अनवाणी तीवरून चालवा. गोणपाट टोचते, घोंगडी खरखर करते, गवत गार लागते. पावलाखालचे बदलले की तोल सांभाळावा लागतो, आणि त्यातून चाल पक्की होते. वाटेच्या शेवटी आजोबा हात पसरून बसले, तर बाळ दहा फेऱ्या मारील. तीन तासांचा जो व्यायाम वर सांगितला, त्यातला काही असा सहज होतो. आधी जागा झाडून घ्या. काटा, खिळा, काच नाही याची खात्री करा.

रविवार : बाजारची पिशवी. तुमच्या गावचा बाजार ज्या वारी असेल, तो या खेळाचा वार. पिशवी बाळासमोर रिकामी करा. टोमॅटो लाल, काकडी हिरवी, वांगी जांभळी. सगळे रंग एका दिवसात शिकवायला जाऊ नका. एका बाजाराला एकच रंग पुरे. ‘लाल दे’ म्हणा, देते का पाहा. दुधी लांब, कोबी वाटोळा, आले वेडेवाकडे. निवडताना थोडे चाखवाही. काकडी किसून, पिकलेले केळे कुस्करून, लिंबाचा एक थेंब जिभेवर. बाळ तोंड वाकडे करील, तेव्हा ‘आंबट!’ म्हणा. तो शब्द ते विसरणार नाही.

बोलणे हाच खेळाचा जीव

परात पुढे ठेवून आई निघून गेली, तर तो निम्मा खेळ झाला. बाळ वाटी उचलते आणि तुमच्याकडे पाहते. त्या पाहण्याला उत्तर द्या. ते ‘पापा’ म्हणाले, तर ‘हो, पाणी! गार पाणी!’ म्हणा. त्याने एक शब्द टाकला, तुम्ही त्याला जोड दिलीत. दिवसातून अशी देवाणघेवाण जितकी जास्त, तितके मूल लवकर बोलते. त्याच्या बोबड्या बोलाला हसून तसेच बोबडे बोलू नका, नीट शब्द कानावर पडू द्या. घरात तुम्ही जी भाषा बोलता तीच बोला. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो, बाळाला आईचीच भाषा जवळची.

आता कोणी म्हणेल, एवढा वेळ कुठून आणायचा? वेगळा वेळ आणायचा नाहीच. भाजी निवडताना पिशवीचा खेळ, भांडी घासताना पाण्याचा, सुपात पाखडताना आवाजाचा. आणि हे काम बाईनेच करावे असेही नाही. संध्याकाळी बाप वावरातून आला की चहा पिता पिता शनिवारची वाट त्याने चालवावी. पुरचुंड्या शिवण्यात आणि चिऊकाऊच्या गोष्टी सांगण्यात आजीचा हात कोणी धरणार नाही. थोरल्या भावंडांना बरोबर घ्या, पण बाळ त्यांच्यावर सोपवून जाऊ नका.

सावध राहायला हवे ते येथे

शेतकऱ्याचे घर मुलाला जेवढे शिकवते, तेवढेच ते धोक्याचेही असते. खालच्या गोष्टी घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

पाणी वीतभर असले तरी लहान मूल त्यात बुडू शकते. तोंडावर पडले की त्याला उठता येत नाही आणि आवाजही होत नाही. बादल्या, टिपे आणि जनावरांचे हौद झाका. विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण हवेच.

शेंगदाणा, हरभरा, फुटाणा, चिंचोका, बोराची आठळी, बटण, नाणे या वस्तू लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. चार-पाच वर्षांपर्यंत शेंगदाणे द्यायचे तर कूट करूनच द्या. खेळताना, पळताना, रडताना तोंडात घास नको. घास अडकला आणि मुलाला खोकताही येत नसले, तर घशात आंधळेपणाने बोट घालू नका, त्याने वस्तू आणखी आत जाते. वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थापा मारा आणि ताबडतोब मदतीला हाक द्या. पुढचे उपचार कसे करायचे, ते आरोग्य उपकेंद्रात प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. एकदा पाहून ठेवलेले वेळेला उपयोगी पडते.

कीटकनाशकांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी खेळायला किंवा पाणी भरायला घेऊ नका. औषधे कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ती कधीही काढून ठेवू नका. फवारणीचे कपडे न बदलता बाळाला उचलू नका.

गुंजा दिसायला सुंदर, एरंडाच्या बियाही चकचकीत, पण दोन्ही विषारी. त्या माळेला, खुळखुळ्याला किंवा मोजायला घेऊ नयेत. हळद-मिरचीची पूडही वासाच्या खेळात नको.

माती खेळून झाली की हात साबणाने धुवा, नखे कापलेली ठेवा. अंगणवाडीतून जंताचे औषध मिळते, ते चुकवू नका. लसीही वेळेवर टोचून घ्या.

खेळता खेळता पाहून ठेवा

या खेळांचा आणखी एक फायदा आहे. रोज पंधरा मिनिटे बाळाजवळ बसले, की त्याचे कुठे अडते आहे ते वेळेत ध्यानात येते. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, मागे तांब्या वाजला तरी दचकत नाही, दीड वर्ष उलटले तरी चालत नाही, दोन वर्षांचे झाले तरी ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, किंवा आधी येत असलेले शब्द विसरते, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. ‘याचा चुलताही उशिराच बोलला होता’ असे म्हणून वर्ष घालवणारी घरे पुष्कळ आहेत. कदाचित काही नसेलही. पण कानाचा दोष असला, तर तो जितका लवकर कळेल तितका बोलण्याचा मार्ग लवकर मोकळा होतो. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते. पथकाची वाट पाहायची नसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तेथून पुढे कोठे दाखवायचे, ते डॉक्टर सांगतील.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२४ साली ‘नवचेतना’ नावाचा आराखडा तयार केला आहे. कोणत्या महिन्याच्या बाळाशी काय खेळावे, हे त्यात दिले आहे. अंगणवाडी सेविकाताईंना त्याविषयी विचारा. तुमचे बाळ अजून अंगणवाडीत बसत नसले, तरी त्याच्याविषयी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पहिल्याच आठवड्यात सातही खेळ जमले पाहिजेत असे नाही. एखाद्या दिवशी बाळ किरकिर करील, एखाद्या दिवशी तुम्हालाच वेळ होणार नाही. राहिले तर राहू द्या. त्याला नको असेल तर जबरदस्ती करू नका, पुढच्या आठवड्यात तो वार पुन्हा येणारच आहे. तूर्त एवढेच करा. आज रात्री जुन्या लुगड्याचा एक तुकडा काढून ठेवा, म्हणजे बुधवारपर्यंत पुरचुंड्या शिवून होतील. आणि येत्या सोमवारी सकाळची कामे आटोपली, की परातीत दोन तांबे पाणी घेऊन बाळाजवळ बसा.